तानपुऱ्याला गांधाराची तार नसते

आलेलं पत्र, थोडं आखडून:

'ताई, नमस्कार. हसणार नसलात तर लिहिते. वय ५६, मुक्काम कोल्हापूर, गेल्या वर्षी शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. उजवा खांदा धरलाय, फ्रोझन शोल्डर. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला जाते. तिथे शेकाची पिशवी खांद्यावर ठेवून वीस मिनिटं नुसतं पडून राहायचं असतं. पडद्यापलीकडे छोट्या स्पीकरवर बासरी, झरा, पाऊस असलं काहीतरी चालू असतं. मागच्या महिन्यात एका दुपारी ते संपलं आणि दुसरंच काही सुरू झालं. पियानोचे तीन-तीन सूर, पायऱ्या चढल्यासारखे, अगदी सावकाश. त्यावर व्हायोलिनपेक्षा जाड आवाजाचं एक वाद्य, एकेक सूर लांबवत. ठेका नाही, शब्द नाहीत. खालून वर यायचं आणि थांबायचं, मग वरून खाली यायचं आणि तिथेच थांबायचं. माझा कान सांगतो, दर वेळी गांधारावर. आणि मी रडायला लागले. डोळे पाणावले असं नाही, हुंदके देऊन रडले. फिजिओ मुलगी धावत आली, तिला वाटलं पिशवी जास्त तापली.

दीड वर्षापूर्वी आई गेली तेव्हा मी रडले नव्हते. त्यावरून लोक बोललेही. आई मूळची मिरजेची, गाण्याच्या शिकवण्या घ्यायची. मी विशारदच्या आधीच सोडलं. तिचा तानपुरा माझ्याकडे कपाटावर आहे, गवसणीत.

त्या वाजवण्याचं नाव विचारलं तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, पेनड्राइव्ह आहे, आधीच्या सरांनी भरून दिलाय, नावं कुणाला ठाऊक. घरी गुणगुणून दाखवलं. मुलगा म्हणाला, आई, हे स्पा म्युझिक आहे. मिस्टर ३० वर्षं न चुकता सवाईला जाणारे. ते म्हणाले, यात आहे काय? एक तान नाही, एक सम नाही. आता मलाच लाज वाटते. आईसाठी आलं नाही ते पाणी कुठल्याशा परक्या वाजवण्यासाठी यावं? माझं काही बिघडलंय का? आणि ते शोधू, की सोडून देऊ?
शेकाच्या पिशवीखालची'

प्रिय शेकाच्या पिशवीखालची,

पत्रात 'गांधार', म्हणजे सारेगमतला ग, हा एक शब्द नसता तर मला काहीच सांगता आलं नसतं. पियानो सावकाश वाजतोय आणि माणूस रडतोय अशा रचना जगात पुष्कळ आहेत. पण दर वेळी गांधारावरच येऊन थांबणारी, एकदा खालून आणि एकदा वरून, अशी मला एकच ठाऊक आहे. आपण दोघी मिळून खात्री करून घेऊ. कुणी घरात नसताना हे सावकाश म्हणून बघा, प्रत्येक तुकड्यातला शेवटचा सूर लांबवत:

रे ग. म ग. सा रे ग. प म ग. नि सा रे ग. ध प म ग.

यातला नि खालच्या सप्तकातला. पुढे असंच, दर फेरीत एकेक सूर वाढवत. हेच होतं ना? असणारच. नाव आहे 'श्पीगेल इम श्पीगेल'. जर्मन आहे, अर्थ 'आरशात आरसा'. खालून गांधाराकडे जाणारी ओळ आणि वरून गांधाराकडे येणारी ओळ एकमेकींची प्रतिबिंबं आहेत, म्हणून आरसा. रचना १९७८ ची, मूळची व्हायोलिन आणि पियानोसाठी. तुम्ही 'जाड आवाज' म्हणता, म्हणजे तुमच्या कानी चेलोवरचं रूप पडलं. तेही खूप वाजवलं जातं, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडतं. लांबी आठ ते दहा मिनिटं. तुमची पिशवी गार व्हायच्या आत संपलं असेल.

रचनाकाराचं नाव आर्वो पॅर्त. एस्टोनियाचे, जन्म १९३५. त्यांच्या आडनावातल्या स्वरावर रोमन लिपीत दोन टिंबं द्यावी लागतात, आपल्याकडे ॲ आहे, त्यामुळे आपला उच्चार बिनचूक होतो. एवढं एक सुख.

म्हणजे शोधू की नको हा प्रश्न निकालात निघाला, मीच नाव सांगून टाकलं. राहिले दोन प्रश्न, बिघडलंय का आणि परकं कसं. त्यांची उत्तरं मला वेगवेगळी देता येणार नाहीत.

आधी त्या दीड वर्षापूर्वीच्या आठवड्याबद्दल. तुम्ही लिहिलं नाहीत, पण थोडंफार मी सांगू शकते, कारण मीही त्यातून गेले आहे. हॉस्पिटलची फाइल कुणाच्या हातात होती? मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती कुणी काढल्या? आलेल्या माणसांत बिनसाखरेचा चहा कुणाला लागतो हे कुणाच्या लक्षात होतं? दहाव्याची यादी, बँकेतलं वारसाचं काम, आईच्या साड्या कुणाला द्यायच्या. आपल्याकडे माणूस गेल्यावर घरातल्या एका बाईच्या वाट्याला रडणं येतच नाही, तिच्या वाट्याला किल्ल्या येतात. माझी आई गेली तेव्हा तेराव्यानंतर मी पहिली गोष्ट कुठली केली असेल तर मंडपवाल्याचं बिल तपासलं. तेव्हा 'लोक बोलले' त्याकडे लक्ष देऊ नका. बोलणाऱ्यांच्या हातात तुम्हीच दिलेला कप असणार.

आणि आता ती दुपार बघा. वीस मिनिटं. हात जखडलेला, म्हणजे काही उचलायला, पुसायला, आवरायला नको. पडदा ओढलेला. फोन पर्समध्ये. घरातल्या कुणाला तुमची गरज नाही. दीड वर्षात अशी वीस मिनिटं दुसरी कुठली मिळाली होती?

पण नुसत्या निवांतपणाने हुंदके येत नाहीत. तसं असतं तर बासरी आणि झऱ्यालाही आले असते, तुम्ही महिनाभर ते ऐकत होतात. इथे मला तुमच्या पत्रातली एक ओळ पुन्हापुन्हा वाचाविशी वाटली. 'तिचा तानपुरा माझ्याकडे कपाटावर आहे, गवसणीत.' तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात.

शिकवणी घेणाऱ्या बाईच्या मुलीला मी काय सांगावं, पण इतर वाचकांसाठी सांगते. तानपुऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची, म्हणजे प ची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या, म्हणजे सा च्या, चौथी खरजाची, म्हणजे खालच्या सा ची. गांधाराची तार नसते. तरीही तानपुरा नीट लागला, तारांखालच्या घोडीची जवारी, म्हणजे तिचा घासलेला माथा, उघडी असली आणि खरजाची तार छेडली की आतून गांधार ऐकू येतो. तार अख्खी हलते तशीच ती आपल्या पाचव्या हिश्शातही हलत असते, आणि त्या पाचव्या हिश्शाचा सूर म्हणजे दोन सप्तकं वरचा गांधार. आपल्याकडे त्याला स्वयंभू म्हणतात. कुणी लावलेला नाही, कुणी वाजवत नाही, आपला आपण आलेला. शिकवणीच्या घरात रोज संध्याकाळी तो सुटायचा. तुम्ही चटईवर गृहपाठ करत असाल, आत भात टाकत असाल, गाणं सोडल्यावर तर मुद्दाम दुसऱ्या खोलीत बसत असाल. कान कुठे सोडतो? एका अनोळखी रचनेत, शेकाच्या पिशवीखाली पडून, कुणी न सांगता 'हा गांधार' असं ओळखणारा कान विशारदच्या आधी सोडलेल्या मुलीचा नाही. तो त्या घरात वाढलेल्या मुलीचा आहे.

तर माझा अंदाज असा. एक वाद्य संथपणे त्याच एका सुराकडे चालत येतं. दूर जातं, पुन्हा येतं. दर वेळी जरा जास्त लांबून येतं, आणि दर वेळी तो सूर तिथेच असतो. तुम्ही परक्या वाजवण्यासाठी रडला नाहीत हो. मी मानसतज्ज्ञ नाही, चुकत असेन, पण माझं मत मी बदलणार नाही. (हे रडणं रोज यायला लागलं, झोप उडाली, अन्न जाईना, तर मात्र सदरांना पत्रं लिहीत बसू नका, डॉक्टरांकडे जा. एकदा आलेला पूर वेगळा आणि मुरलेली ओल वेगळी.)

आता या आर्वोबुवांबद्दल थोडं, कारण योगायोगाने ऐकण्याचा तुमच्यापेक्षा त्यांना जास्त अनुभव आहे. लहानपण राकवेरे नावाच्या छोट्या गावात गेलं. घरी एक पियानो होता, पण त्याच्या मधल्या पट्ट्या बिघडलेल्या. पोरगा काय करणार? अगदी खालच्या आणि अगदी वरच्या पट्ट्यांवर खेळायचा. तुमच्या रचनेत मधूनच पियानो खूप खाली जाऊन एक षड्ज ठेवतो आणि कधी खूप वर जाऊन एकच सूर टिंगकन वाजवतो, ते ऐकताना मला तो नादुरुस्त पियानो आठवतो. तेच कारण असेल असं मी म्हणत नाही. राकवेरेच्या चौकात खांबावर कर्णा होता, त्यावर रेडिओतलं संगीत लागायचं. हा मुलगा ते ऐकण्यासाठी सायकलवरून चौकाला गोल गोल फेऱ्या मारायचा. गावाने आता तिथे सायकलवाल्या मुलाचा पुतळा उभारलाय. आपल्याकडे पुतळे कुणाचे होतात ते बघता मला या गावाचा हेवा वाटतो.

पुढे ते एस्टोनियाच्या रेडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करत. देश तेव्हा सोव्हिएत संघात. १९६८ मध्ये 'क्रेडो' नावाची रचना केली, तिच्यात ख्रिस्तावरच्या श्रद्धेचे शब्द होते, सरकार खवळलं, रचना बंद पडली. पण त्याहून मोठी अडचण त्यांची स्वतःची होती. तोवर ज्या पद्धतीने लिहीत आले, तिच्यात त्यांना आता काही सांगता येईना. मग जवळजवळ आठ वर्षं फारसं काही बाहेर आलं नाही. या काळात ते युरोपातलं जुनं, एका गळ्यातून आल्यासारखं चर्चगायन ऐकत राहिले आणि एकेरी सुरावटींनी वह्याच्या वह्या भरत राहिले. आपल्याकडे खर्जाची साधना म्हणतात, त्याच जातीचं काम. आपले कुमार गंधर्वही क्षयाने आजारी पडून १९४८ मध्ये देवासला गेले, काही वर्षं गाणं बंद होतं, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेरून येणारी माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानी पडत राहिली. पडून राहणाऱ्यांना कधी कधी असं ऐकू येतं. तुमच्या लक्षात येतंय ना मी कुणाबद्दल बोलतेय.

त्याच काळातली एक गोष्ट पॅर्त स्वतः सांगतात. घरासमोर झाडलोट करणारा माणूस होता, त्याला त्यांनी विचारलं की संगीतकाराने संगीत कसं लिहावं. असं कुणी विचारेल असं त्या बिचाऱ्याला वाटलं नसावं. तो विचार करून म्हणाला, त्याने एकेका सुरावर प्रेम करायला हवं. पॅर्त म्हणतात, असं मला कुणा प्राध्यापकाने सांगितलं नव्हतं.

१९७६ मध्ये नवी पद्धत सापडली. तिला त्यांनी छोट्या घंटेच्या लॅटिन शब्दावरून 'टिंटिनाब्युली' असं नाव दिलं. कल्पना इतकी सोपी की हसू येतं. दोन आवाज. एक सप्तकाच्या पायऱ्या एकेक करत चालतो. दुसरा त्याला सोबत करतो, पण त्याला मुभा फक्त तीन सुरांची, म्हणजे आपल्या भाषेत सा, ग आणि प. पहिला कुठेही भटको, दुसरा त्या तिघांतलाच जवळचा सूर धरून उभा. मागे तानपुरा चालू ठेवून कुणी आलाप करावा, तसं. या पद्धतीची पहिली रचना 'फ्यूर अलिना', पियानोवरची दोनच पानांची, इंग्लंडला गेलेल्या एका ओळखीच्या मुलीसाठी. त्यात नियम एकाच ठिकाणी मोडलाय, आणि तिथे पॅर्तनी एक फूल काढून ठेवलंय. तुम्ही शाळेत होतात, तुम्हाला वहीतल्या फुलाचं महत्त्व मी सांगायला नको.

आता मुलगा. 'स्पा म्युझिक' या शब्दाचा राग येऊ द्या, पण पोरगा सपशेल चुकलेला नाही. ही रचना चित्रपटांत, ट्रेलरमध्ये, योगाच्या वर्गात, दवाखान्यात इतकी वापरली गेलीय की तिची पार उशी झालीय. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात होते, कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, आणि मला काहीही झालं नाही. छान आहे म्हटलं आणि डाळ उतरवली. नंतर तीन-चार वर्षांनी, रात्रीच्या बसमध्ये, भाच्याने भरून दिलेल्या फोनवर, खंबाटकी घाटात कुठेतरी... असो, माझी गोष्ट नाही ही. सांगायचं एवढंच की पोराला आत्ता पटवायला जाऊ नका. त्याची बस अजून यायचीय.

मिस्टरांचं प्रकरण जास्त गोड आहे. ३० वर्षं समेला मान हलवणाऱ्या माणसाला सम सापडली नाही की जिना उतरताना शेवटची पायरी चुकल्यासारखं होतं, त्यात त्यांचा दोष नाही. पण त्यांना एक विचारा. ते ज्यांच्या नावाने दर डिसेंबरला पुण्याला जातात त्या सवाई गंधर्वांचे गुरू कोण? अब्दुल करीम खाँ. ते राहिले कुठे? तुमच्या आईच्या मिरजेत. १९३७ मध्ये गेले, मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मृतीसाठी तिथे दर वर्षी गायन होतं. त्यांच्या गायकीची, किराणा घराण्याची, सगळी पुण्याई कशावर उभी आहे? एकेका सुरावर थांबण्यावर. ठेका सुरू होण्याआधीच्या आलापात तरी सम कुठे असते? तेव्हा मिस्टर डोळे मिटून बसतात ना? मग इथेही मिटावेत. तरीही ऐकेनात तर शेवटचं अस्त्र. पॅर्तना जगापुढे आणणाऱ्या ईसीएम या जर्मन ध्वनिमुद्रिका कंपनीनेच १९८७ मध्ये झाकीर हुसेन यांचा 'मेकिंग म्युझिक' काढला, त्यात बासरीला हरिप्रसाद चौरसिया आहेत. हे ऐकल्यावर सवाईवाले जरा मवाळ होतात, असा माझा अनुभव आहे.

एक तक्रार मात्र तुमचे मिस्टर करू शकतात आणि ती रास्त असेल. पियानोचा गांधार स्वयंभू गांधारापेक्षा किंचित चढा असतो, दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या साधारण सातव्या भागाने. हार्मोनियमबद्दल आपल्याकडे जे भांडण आहे तेच. चेलोला पट्ट्या नाहीत, त्यामुळे चांगला वादक तो सूर हवा तिथे ठेवू शकतो.

त्या ईसीएमवरून आठवलं. तुम्हाला लाज वाटतेय ना की नाव-गाव ठाऊक नसताना एवढं काय ते? कंपनीचे मालक मानफ्रेट आयशर १९८० च्या सुमारास श्टुटगार्टहून झुरिचकडे गाडी चालवत होते. रेडिओवर काहीतरी लागलं. त्यांनी महामार्ग सोडला, आवाज स्वच्छ यावा म्हणून गाडी उंचावर नेली आणि तिथे थांबून ऐकलं. रचना कुणाची हे कळेना. या माणसाचा धंदाच संगीताचा, तरी शोधायला जवळजवळ वर्ष गेलं. ती होती पॅर्तची 'टाबुला रासा', लॅटिनमध्ये शब्दशः 'कोरी पाटी'. १९८४ मध्ये त्यांनी ती ध्वनिमुद्रिका काढली, तिच्यासाठी कंपनीत एक नवी मालिकाच सुरू केली. म्हणजे त्यांना एक वर्ष लागलं, तुम्हाला एक पत्र. पेनड्राइव्हचं काही मनाला लावून घेऊ नका.

आता कसं ऐकायचं. फोनवर नाव टाका, सोबत 'चेलो' टाका, ढिगाने सापडतील. मावळत्या सूर्याची चित्रं दाखवणारे व्हिडिओ असतील, फोन पालथा ठेवा. भांडी घासताना लावू नका. आडवं पडून ऐका, हवं तर शेकाची पिशवी घेऊन. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा कदाचित काही होणार नाही, आणि तुम्ही घाबराल की गेलं, संपलं. त्या दुपारचं ऐकणं पुन्हा मिळणार नाही, त्याच्या मागे लागू नका. नुसतं वाद्य दर फेरीत किती लांबून येतं ते मोजा. दोन-तीनदा ऐका आणि पंधरा दिवस विसरा.

पुढे आणखी ऐकावंसं वाटलं तर ती 'टाबुला रासा' ऐका, पण तिचा दुसरा भाग, 'सिलेंटियुम', म्हणजे शांतता. त्याचा शेवट सांगून टाकते, सांगितल्याने बिघडत नाही. सगळी वाद्यं एकेक करून थांबतात, शेवटी सर्वांत जाड आवाजाचं डबल बास एकेक पायरी खाली उतरत येतं, रे वर पोचतं, आणि बस. सा वाजतच नाही. तो तुम्ही मनात लावायचा असतो.

आणि एक ऐकू नका, निदान एकटीने आणि निदान या वर्षी तरी. पॅर्त शोधायला गेलात की फोन तुम्हाला हेन्रिक गुरेत्स्की या पोलिश संगीतकाराची तिसरी सिंफनी दाखवेल. १९७६ ची रचना, १९९२ मध्ये निघालेली तिची ध्वनिमुद्रिका दहा लाखांवर खपली, त्यामुळे ती सगळीकडे असते. अप्रतिम आहे. पण तिच्या तिन्ही भागांत आई आणि मूल आहे. दुसऱ्या भागातले शब्द एका १८ वर्षांच्या मुलीने दुसऱ्या महायुद्धात गेस्टापो या नाझी गुप्त पोलिसांच्या कोठडीच्या भिंतीवर लिहिलेले आहेत, आईला रडू नकोस असं सांगणारे. तुमच्या हातात चहाचे कप नसताना, मिस्टर शेजारी असताना, कधीतरी पुढे.

राहिला तानपुरा. हे मी सल्ला म्हणून नाही, आग्रह म्हणून सांगतेय. तो कपाटावरून उतरवा. तुम्ही नाही, मिस्टर उतरवतील, तुमचा खांदा धरलाय. भोपळ्याला तडा गेलाय का बघा, बोटाने हलकेच वाजवून. तारा गंजल्या असतील, त्या तशाच खुंट्या पिळून चढवू नका, तुटली तर डोळ्यावर येते. कोल्हापूर ते मिरज पन्नासेक किलोमीटर. तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीत घेऊन जा, तिथल्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण तुमच्या आईला ते मानांकनाआधीपासून ठाऊक असणार. कुणी सांगावं, तो तानपुरा तिथलाच असेल, आणि एखादा म्हातारा कारागीर घोडी बघून ओळखेलही. नव्या तारा लावून घ्या, जवारी काढून घ्या. काम चालू असताना चहाला बाहेर जाऊ नका, तिथेच बसा. तारेखालचा दोरा केसाएवढा सरकतो आणि आवाज एकदम उघडतो, तो क्षण चुकवू नका.

घरी आल्यावर तारा मिस्टरांना छेडू द्या. उजव्या हाताचं काम, तुम्हाला जमणार नाही, आणि त्यांनाही ३० वर्षांत कधी कुणी तानपुऱ्यावर बसवलं नसेल. मधल्या बोटाने पंचम, तर्जनीने बाकीच्या तीन. लय नको, घाई नको. चौथी तार छेडली की त्यांना म्हणावं, जरा थांबा, पुढची लगेच नको.

ता. क. पुढच्या वेळी शेकाला जाल तेव्हा एका चिठ्ठीवर मराठीत नाव लिहून न्या, 'आर्वो पॅर्त, श्पीगेल इम श्पीगेल', आणि त्या रिसेप्शनवरच्या मुलीला द्या. पेनड्राइव्हला चिकटवायला. तिथे पडदा ओढून पडणाऱ्या तुम्ही एकट्याच नाही.